शेपू, साप आणि साप्नस

घरात शेपूच्या भाजीवरून भांडणं होत असतील, तर व्हिल्नियसचं तिकीट काढण्याआधी एक कौटुंबिक बैठक घ्या. लिथुआनियाच्या या राजधानीत शेपू चुकवता येत नाही. उकडलेल्या बटाट्यावर शेपू, काकडीच्या लोणच्यात शेपू, माशावर शेपू. आणि उन्हाळा संपेपर्यंत ज्याच्याशिवाय पान हलत नाही, त्या गुलाबी सूपवर तर मूठभर.

सूपचं नाव शाल्तिबार्श्चेय. पहिल्या प्रयत्नात जमलं नाही तर बोटाने दाखवा, चालतं. बीट किसायचं, त्यात आंबूस केफिर ओतायचं, काकडी आणि कांद्याची पात चिरून घालायची, वर अर्धं उकडलेलं अंडं. थोडक्यात, बिटाची कोशिंबीर करता करता कुणीतरी ताकाचं भांडं त्यात उपडं केलं. रंग मात्र थेट विसर्जन मिरवणुकीतल्या गुलालाचा. सूप फ्रिजमधून काढलेलं गार, आणि सोबत वेगळ्या ताटलीत वाफाळते बटाटे. एक चमचा गार, एक घास गरम. हा प्रकार कुणाला सुचला कोण जाणे, पण सुचला ते बरं झालं.

ऑगस्टचा शेवटचा आठवडा या शहरासाठी झकास. दुपारी वीस-बावीस अंश, रात्री स्वेटर, सूर्य मावळतो साडेआठच्या सुमारास. आणि मावळायच्या आधी वर बघायचं, कारण जुन्या गावाच्या लाल कौलांवरून हॉट एअर बलून तरंगत असतात. युरोपातल्या फार थोड्या राजधान्या आपल्या डोक्यावरून फुगे उडू देतात. व्हिल्नियस त्यातली एक. हवा शांत नसेल तर उड्डाण रद्द, तेव्हा पहिल्याच संध्याकाळचं बुकिंग करावं, शेवटच्या नव्हे.

लांडग्याने वसवलेलं गाव

दंतकथा अशी, की ग्रँड ड्यूक गेदिमिनास शिकार करून दमला आणि टेकडीजवळ झोपला. स्वप्नात एक लोखंडी लांडगा, आणि त्याच्या पोटात शंभर लांडगे असल्यासारखं ओरडणं. पुरोहिताने अर्थ सांगितला : इथे नगर वसव, त्याची कीर्ती जगभर घुमेल. कागदोपत्री मात्र शहराचा पहिला उल्लेख सापडतो तो याच गेदिमिनासच्या १३२३ सालच्या पत्रांत. कारागीर हो, व्यापारी हो, आमच्याकडे या, सवलती देतो, अशा मजकुराची ती पत्रं. म्हणजे लांडगा होता की नाही माहीत नाही, एमआयडीसी नक्की होती.

आता गंमत बघा. लिथुआनियन भाषेत लांडगा म्हणजे विल्कस, संस्कृतातला वृक. आणि स्वप्न म्हणजे साप्नस.

इथून पुढे थांबवत नाही. अग्नीला उग्निस, देवाला दिएवस, दिवसाला दिएना, दाताला दान्तिस, मधाला मेदूस. पुरुषाला वीरस, त्यामुळे पुरुषांच्या स्वच्छतागृहावर ‘व’चं लॅटिन अक्षर दिसलं तर वीरांनी बिनधास्त आत जावं. सूनूस म्हणजे मात्र सून नव्हे, मुलगा, संस्कृतातला सूनु. आपली सून स्नुषेवरून आली, तिचा इथे संबंध नाही. थंडीचा ऋतू झ्येमा, आपल्या हिमाचा भाऊबंद. आकडे तर पाढे म्हणावेत तसे : दू, त्रीस, केतुरी, पेंकी, शेशी, सेप्तीनी, अश्तुओनी, देवीनी, देशिम्त.

यावरून ‘ते सगळे मूळचे आपलेच’ असा फॉरवर्ड तुमच्या फॅमिली ग्रुपवर येण्याआधी सांगून टाकतो : लिथुआनियन संस्कृतातून निघालेली नाही. दोघी एकाच इंडो-युरोपीय घराण्यातल्या, वेगळ्या शाखांच्या. फरक इतकाच, की बाकीच्या बहिणींनी जुने दागिने मोडून नवे केले आणि हिने ते तसेच पेटीत जपले. तेही सुखासुखी नाही. १८६४ ते १९०४ अशी चाळीस वर्षं रशियाच्या झारने लॅटिन लिपीतल्या लिथुआनियन छपाईवर बंदी घातली होती. तेव्हा पुस्तकं सीमेपलीकडे पूर्व प्रशियात छापायची आणि रात्री पाठीवर पोती घेऊन चोरून आणायची, असा एक धंदाच होता. या माणसांना क्निग्नेशेय म्हणजे पुस्तकवाहक म्हणतात. कोकणच्या किनाऱ्यावर सोनं आणि घड्याळं उतरल्याच्या गोष्टी आपण ऐकल्यात. इथे माल म्हणून प्रार्थनापुस्तकं आणि बाराखडी उतरत होती.

या भाषेची आणखी एक खोड : परक्या नावालाही ती आपलं शेपूट लावते. जॉर्ज बुश इथे ‘जॉर्जस बुशस’. त्या हिशेबाने आपला सचिन ‘साचिनस तेंडुलकरस’ व्हायला हवा. ‘थँक यू’ला म्हणतात आच्यू. कुणी शिंकलं असं समजून ‘जीते रहो’ म्हणू नका.

कोकिळा जाते, राय कापली जाते

जानेवारी-फेब्रुवारीसारखी रोमन नावं इथल्या कॅलेंडरात नाहीत. एप्रिल म्हणजे बालान्दिस, कबुतर. मे म्हणजे गेगुझे, कोकिळा. नोव्हेंबर लाप्क्रितिस, पानगळ. ऑगस्टचं नाव रुग्प्यूतिस, राय कापायचा महिना. सप्टेंबरचं रुग्सेयिस, राय पेरायचा महिना. म्हणजे काळ्या पावाचं पीठ कधी येणार, ते भिंतीवरच लिहिलेलं.

१५ ऑगस्टला इथेही सरकारी सुट्टी असते. आपल्यासारखी स्वातंत्र्याची नाही, मेरीच्या स्वर्गारोहणाची. तिला झोलिने म्हणतात, झोले म्हणजे गवत, वनस्पती. बाया फुलं, औषधी पाला, धान्याच्या लोंब्या असा जुडगा बांधून चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात. मंगळागौरीची पत्री आठवत असेल त्यांना फार समजावून सांगायला नको.

आणि श्रावण म्हटला की नाग आलाच. लिथुआनिया अधिकृतपणे ख्रिस्ती झाला १३८७ मध्ये, युरोपात जवळजवळ सगळ्यांच्या शेवटी. त्याआधीची, आणि खेड्यापाड्यांत त्यानंतरही बरीच टिकलेली चाल म्हणजे झाल्तिसची. हा बिनविषारी, कानशिलावर पिवळे ठिपके असलेला पाणसाप. तो घराच्या आसपास राहिला तर भाग्य, मारला तर पाप. आणि त्याच्यासाठी ठेवायचं काय, तर वाटीत दूध. साप दूध पीत नाही हे सांगून थकलेले सर्पमित्र तिकडेही असणारच.

पिवळ्या खारी, पाच युरो

व्हिल्नियसचा खरा उन्हाळा-अखेर बघायचा तर रेल्वे स्टेशनजवळच्या हालेस बाजारात. लोखंडी सांगाड्याची ही मंडई १९०६ पासून उभी आहे. मी गेलो तेव्हा दाराशीच एक आजी बसल्या होत्या. डोक्याला रुमाल, समोर निळ्या फळांच्या बरण्या आणि प्लास्टिकच्या वाडग्यांत जर्दाळूच्या रंगाची अळंबी, देठाला अजून माती आणि पाइनच्या सुया चिकटलेल्या. या अळंबीचं नाव वोवेराइते, म्हणजे छोटी खार. भाव विचारला तर आजींनी पंजा दाखवला आणि म्हणाल्या, ‘पेंकी’. मी म्हटलं, पाच. दोघंही बरोबर बोललो होतो.

‘अळंबी गोळा करायला जाणे’ याला या भाषेत एकाच शब्दाचं क्रियापद आहे, ग्रीबाउती. आपली जागा कुणी कुणाला सांगत नाही. ज्यांच्या मामाने कोकणात किंवा गोव्यात पावसाळ्यात कुठल्या वारुळावर आळमी उगवते ते मरेपर्यंत लपवलं, त्यांना हे लगेच पटेल.

नदीपलीकडचं सरकार

विल्नेले नावाची एक छोटी, खळाळती नदी. तिच्या पलीकडची कलाकारांची वस्ती उझुपिस. नावाचा अर्थच ‘नदीपलीकडे’. १ एप्रिल १९९७ रोजी या वस्तीने स्वतःला स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केलं. तारीख बघून काय ते समजा. राष्ट्राध्यक्ष आहे, ऋतूगणिक रंग बदलणारा ध्वज आहे, आणि त्यावरच्या पंजाला मधोमध भोक, म्हणजे लाच हातात टिकायलाच नको. ४१ कलमांची राज्यघटना पाउपिओ रस्त्याच्या भिंतीवर आरशासारख्या पत्र्यांवर कोरली आहे. वाचताना कलमांमधून आपलंच तोंड दिसतं. कुत्र्याला कुत्रा असण्याचा हक्क आहे. मांजरावर मालकावर प्रेम करण्याची सक्ती नाही, अडचणीच्या वेळी मदत मात्र करावी लागेल. मांजर पाळणाऱ्या कुणालाही विचारा, उत्तरार्धाची अंमलबजावणी होत नाही.

याच मिश्कीलपणातून १९९५ मध्ये शहरात अमेरिकी रॉक संगीतकार फ्रँक झॅपाचा पुतळा लागला. झॅपाचा लिथुआनियाशी संबंध? शून्य. तो कधी इथे फिरकलाही नव्हता. घडवला कुणी, तर आधी लेनिन घडवणाऱ्या शिल्पकाराने.

एक फरशी

कॅथेड्रल चौकात खाली बघत चाला. जमिनीत एक फरशी बसवलेली आहे, तिच्यावर अक्षरं : स्तेबुक्लास, चमत्कार. लोक तिच्यावर उभे राहून स्वतःभोवती गिरकी घेतात आणि मनात काहीतरी मागतात. मी पाहिलं तेव्हा ऑफिसचा सूट घातलेला एक गृहस्थ बॅग खाली ठेवून, इकडेतिकडे बघून, पटकन फिरून गेला.

ज्या चमत्काराची ही खूण, तो घडला २३ ऑगस्ट १९८९ ला. त्याच्या बरोबर पन्नास वर्षं आधी हिटलर आणि स्टालिनच्या परराष्ट्रमंत्र्यांनी एका गुप्त करारात लिथुआनियासह तीन बाल्टिक देश आपसांत वाटून घेतले होते. त्याचा निषेध म्हणून संध्याकाळी सात वाजता टालिनपासून रीगामार्गे व्हिल्नियसपर्यंत सुमारे २० लाख माणसांनी पंधरा मिनिटं हातात हात धरले. साखळीची लांबी पावणेसातशे किलोमीटर. आपला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. त्याच्या कडेने जवळपास नागपूरपर्यंत माणसं हात धरून उभी आहेत, अशी कल्पना करा. मोबाइल नव्हते. कुठे गर्दी जास्त, कुठे खिंडार, ते रेडिओवरून सांगत होते आणि लोक गाड्या पिटाळत होते. तिन्ही देशांची लोकसंख्या मिळून ८० लाखांच्या आसपास, म्हणजे दर चौघांतला एक रस्त्यावर. सात महिन्यांच्या आत, ११ मार्च १९९० रोजी, लिथुआनियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. सोव्हिएत प्रजासत्ताकांपैकी सगळ्यात आधी.

दर २३ ऑगस्टला तो दिवस आठवला जातो. तारीख जमत असेल तर तीच गाठावी.

एक दिवस हाताशी असेल तर अर्ध्या-पाऊण तासाच्या रेल्वेने त्राकाय. तळ्यातल्या बेटावरचा लाल विटांचा किल्ला फोटोंत दिसतो तसाच आहे, म्हणून मी बोलतो ते किबिनायबद्दल. चौदाव्या शतकाच्या अखेरीस ग्रँड ड्यूक व्हितौतासने क्रिमियातून आणलेल्या कराइम लोकांचा हा पदार्थ : मैद्याची पारी, आत मटणाचं सारण, कडेला मुरड. करंजीच ती. कराइमांच्या लाकडी घरांना रस्त्याकडे तीन खिडक्या. एक देवाची, एक घरधन्याची, एक व्हितौतासची, असं म्हणतात.

ऑगस्ट सरता सरता आधी करकोचे जातात, आफ्रिकेकडे. हा इथला राष्ट्रीय पक्षी. २४ तारखेच्या सेंट बार्थोलोम्यूच्या सणाला तो निघतो, असा जुना ठोकताळा. मग येते १ सप्टेंबर. शाळेचा पहिला दिवस, आणि प्रत्येक मुलाच्या हातात बाईंसाठी फुलं. बहुतेकदा ग्लॅडिओलस, ज्याचं इथलं नाव कार्देलिस, म्हणजे छोटी तलवार. ट्रॉलीबसच्या थांब्यावर इस्त्रीचे पांढरे शर्ट घातलेली दोन पोरं त्या नावाला जागत होती. बस आली तेव्हा एकाच्या हातात नुसता देठ उरला होता, आणि त्याची आई खाली वाकून पाकळ्या गोळा करत होती.