टिटवी का उठली?

एप्रिल महिन्यातली गोष्ट. आम्ही तिघे शिक्षक सुट्टीत सागरेश्वर अभयारण्य पाहायला निघालो होतो. किर्लोस्करवाडीला रेल्वेतून उतरलो. या स्थानकाचे जुने नाव ‘कुंडल रोड’. तिथून कुंडलला आलो आणि डोंगराच्या पायथ्याच्या माळावर थोडे भटकायचे ठरवले. सकाळचे अकरा वाजून गेले होते. अचानक समोरून एक टिटवी ओरडत उडाली. डोक्यावर घिरट्या, मधूनच अंगावर सूर, आणि सारखा तोच ‘टिटीव टिटीव’चा गजर. जवळच घरटे असणार हे आम्ही ओळखले. शोधल्यावर दगडगोट्यांमध्ये चार ठिपकेदार अंडी दिसली. कॅमेरा बाहेर निघाला. अंड्यांचे फोटो झाले, ओरडणाऱ्या टिटवीचे झाले, सूर मारतानाचा एक तर फारच छान आला.

रात्री ते फोटो पाहत बसलो. हल्ली प्रत्येक फोटोवर वेळ नोंदलेली असते. पहिला फोटो ११ वाजून १४ मिनिटांचा, शेवटचा ११ वाजून ३६ मिनिटांचा. म्हणजे २२ मिनिटे ती अंडी उघड्या उन्हात होती, आणि ती आमच्यामुळे होती.

‘उबवणे’ या शब्दाने आपली थोडी फसगत होते. पक्षी अंड्यांवर बसतो तो त्यांना ऊब द्यायला, असे आपण मुलांना सांगतो. थंड वेळी ते खरेच आहे. पण बहुतेक पक्ष्यांच्या अंड्यांतील गर्भ ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास नीट वाढतो. तापमान चाळिशीच्या बरेच वर गेले आणि तसेच राहिले, तर गर्भ मरतो. आपल्या भागात एप्रिलच्या दुपारी हवाच ३८-३९ अंशांवर जाते, आणि उन्हातली खडकाळ जमीन त्याहून कितीतरी तापते. अशा वेळी टिटवी अंड्यांवर बसते ती त्यांना सावली द्यायला. कडक उन्हाळ्यात ती पाण्यात जाऊन पोटाची पिसे भिजवून येते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते. नर आणि मादी दोघेही पाळीपाळीने हे काम करतात. असे सुमारे चार आठवडे चालते.

आता प्रश्न असा, की आम्ही फोटो कशाचा काढला? ‘टिटवीचे वर्तन’ असे आम्ही त्याखाली लिहिले असते. पण तो टिटवीच्या नेहमीच्या वागण्याचा फोटो नव्हताच. ती घाबरल्यावर काय करते याचा तो फोटो होता, आणि घाबरवणारे आम्ही होतो. पाहणाऱ्यामुळेच पाहण्याची गोष्ट बदलली, तर ते निरीक्षण कितपत खरे?

पाहिले आणि वाटले

प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास ही विज्ञानाची स्वतंत्र शाखा आहे. या शाखेचा पाया घालणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश, कॉनराड लॉरेन्झ आणि निको टिनबर्गन या तिघांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या बऱ्याचशा कामाला मोठी उपकरणे लागली नाहीत. लागली ती चिकाटी, आणि दिसलेली गोष्ट व तिचा लावलेला अर्थ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याची शिस्त.

आम्ही वहीच्या पानावर मधोमध रेघ मारतो. डावीकडे ‘पाहिले’, उजवीकडे ‘वाटले’. “टिटवी रागावली” हे उजवीकडे जाते. “टिटवी आमच्या डोक्यावरून चार वेळा गेली, दर वेळी ओरडली, आम्ही मागे सरलो तेव्हा लांब जाऊन बसली” हे डावीकडे. मुलांना सुरुवातीला ही विभागणी जड जाते. आम्हालाही जाते. पण एकदा सवय लागली की लक्षात येते, आपल्या नोंदींपैकी निम्म्याहून अधिक उजवीकडच्याच असतात!

रेल्वेच्या खिडकीतून

प्रवासात पक्ष्यांकडे पाहायला वेळ कमी मिळतो, पण जागा अनेक मिळतात. मिरजेहून पुण्याकडे जाताना भिलवडी, किर्लोस्करवाडी, ताकारी या टापूत दोन्ही बाजूंना उसाची शेते आहेत. शेत नांगरणारा ट्रॅक्टर दिसला की त्याच्यामागे गायबगळ्यांची रांग हमखास दिसते. टिनबर्गनने १९६३ साली सुचवलेले चार प्रश्न इथे विचारून पाहू.

पहिला प्रश्न, आत्ता हे वर्तन कशामुळे घडते? नांगराने माती उलटली की किडे, अळ्या, बेडूक उघड्यावर येतात आणि त्यांची हालचाल बगळ्याला दिसते. दुसरा, याचा त्याला फायदा काय? चरणाऱ्या गुरांसोबत फिरणाऱ्या आणि एकट्याने फिरणाऱ्या गायबगळ्यांची तुलना अभ्यासकांनी केली आहे. गुरांसोबतच्या बगळ्याला कमी पावलांत जास्त भक्ष्य मिळते. तिसरा, हे त्याच्यात येते कसे, जन्मतः की शिकून? ट्रॅक्टर तर कालपरवाचा. म्हणजे गाय, म्हैस, ट्रॅक्टर यांना एकाच प्रकारे वापरण्याइतकी लवचीकता त्याच्याकडे आहे. चौथा, उत्क्रांतीच्या ओघात हे कुठून आले? माणसाने गुरे पाळण्याआधीही मोठ्या रानटी चरणाऱ्या प्राण्यांच्या कळपांमागे हा पक्षी फिरत असणार. एकाच दृश्याला चार प्रश्न, आणि चारही उत्तरे एकमेकांना न खोडणारी. वर्गात “का?” विचारल्यावर मुले वेगवेगळी उत्तरे देतात, त्यांतली एकाहून अधिक बरोबर असू शकतात, ती अशी.

खिडकीतल्या निरीक्षणात एक खाचही आहे. प्रवासात आम्ही पाहिलेले बहुतेक कोतवाल तारेवर बसलेले होते. मग कोतवाल तारेवरच राहतो असे म्हणायचे का? नाही. तारा रुळाच्या कडेने जातात आणि आपण रुळावरून जातो, म्हणून तारेवरचा कोतवाल आपल्याला दिसतो. झाडीतला दिसत नाही. आपण कुठून पाहतो याने काय दिसते ते ठरते. शिक्षकांनी हा मुद्दा मुलांसमोर जरूर मांडावा. तो पक्ष्यांपुरता नाही.

गाडी हाच आडोसा

रस्त्याने जाताना एक गंमत करून पाहा. तारेवर वेडा राघू बसला आहे. गाडी त्याच्याजवळ थांबवली तर पुष्कळदा तो बसून राहतो. दार उघडून माणूस उतरला की उडतो. पक्ष्याला गाडी ही रोज जाणारी-येणारी वस्तू वाटते, पण माणसाची दोन पायांवरची आकृती त्याला चांगली ओळखते. म्हणून रस्त्यापासून बाजूला गाडी उभी करून, इंजिन बंद करून, आतूनच पाहावे. दहा मिनिटे थांबलात तर वेडा राघू उडून माशी पकडतो, पुन्हा त्याच जागी येतो, आणि मधमाशी असेल तर ती फांदीवर घासून-आपटून तिचा काटा निकामी करतो, हे सारे दिसेल. उडत्या पक्ष्याचे चित्र स्पष्ट हवे असेल तर कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या हजाराव्या भागापुरताच उघडा राहावा लागतो. पण वर्तन समजायला एका सुंदर फोटोपेक्षा ओळीने काढलेले दहा साधे फोटो अधिक कामाचे. त्यांवरची वेळ वाचली की काय आधी, काय नंतर हे कळते.

सागरेश्वरला दुसऱ्या दिवशी आम्ही हेच केले. धों. म. मोहिते यांच्या प्रयत्नांतून उजाड डोंगरावर उभे राहिलेले हे जंगल सुमारे ११ चौरस किलोमीटरचे. चितळांचा कळप दूर चरत होता. आम्ही बसून राहिलो आणि दर मिनिटाला किती माना वर, किती खाली हे मोजले. आमच्याकडे पाहत असताना बहुतेक माना वर होत्या. पाऊण तासाने बहुतेक खाली गेल्या. चितळांचे रोजचे वागणे आम्हाला दिसू लागले ते त्यानंतर.

सलीम अलींनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींच्या वसाहतीसमोर असेच बसून काढले होते. नर घरटे अर्धे विणतो, मादी येऊन पारखते, पसंत पडले तर तिथे राहते, मग नर ते पुरे करतो आणि दुसरे घरटे विणायला घेतो. हा क्रम एखाद्या भेटीत कळणारा नव्हता.

मुलांबरोबर

शाळेच्या आवारात एक मोजणी करता येईल. साळुंकी किंवा कावळ्याकडे सरळ चालत जा आणि तो किती पावलांवर उडतो ते मोजा. शाळेजवळ आणि शेतात आकडे वेगळे येतात का? मात्र हा प्रयोग घरट्याजवळ करायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत अंडी व घरट्यांना उपद्रव देणेही येते, हे मुलांना सांगावे. अनेक छायाचित्र स्पर्धा आता घरट्यांचे फोटो स्वीकारत नाहीत. फोटो इतरांना पाठवताना जागेचा पत्ताही त्यासोबत जाऊ शकतो, तो काढून टाकावा. महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो, मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून. दोन रकान्यांची वही सुरू करायला तो मुहूर्त चांगला.

परतताना आम्ही कुंडलच्या त्या माळापाशी रस्त्यावरच थांबलो आणि गाडीतून दुर्बीण लावली. दगडांमध्ये एक डोके दिसले. टिटवी बसली होती. अंडी ठीक आहेत का हे पाहण्याचा मोह आम्हाला झाला. पण त्यासाठी तिला पुन्हा उठवावे लागले असते. वहीत डावीकडे लिहिले, “दुपारी १ वाजता टिटवी जागेवर, उठली नाही.” उजवा रकाना कोरा ठेवला.