श्रावणबाळाचा पगार : समज आणि वस्तुस्थिती

2024 च्या 5 ऑक्टोबर रोजी वाशिम जिल्ह्यातून पंतप्रधान किसान सन्मान निधीचा अठरावा हप्ता वितरित झाला आणि देशभरातील सुमारे 9.4 कोटी शेतकऱ्यांच्या खात्यांत मिळून सुमारे 20,000 कोटी रुपये एक कळ दाबताच जाऊन पडले, तेव्हा त्या आकड्याच्या भव्यतेने दिपून जाणे स्वाभाविक होते. परंतु याच जिल्ह्यातील रिसोड किंवा मालेगाव तालुक्यातल्या एखाद्या गावी, पारावर बसलेल्या सत्तरीपुढच्या माणसाशी या विषयावर दोन घटका बोलत बसावे, तर कोटींचे नावही निघत नाही. तो विचारतो एवढेच, की श्रावणबाळाचा पगार कधी पडणार. ज्याने आयुष्यात कधी हजेरीपटावर सही केली नाही, त्याच्या तोंडी हा ‘पगार’ शब्द ऐकून प्रथम गंमत वाटते. मग ध्यानात येते, की या साऱ्या योजनेचे मर्म त्या शब्दातच आहे.

प्रथम एक गोंधळ निस्तरला पाहिजे. म्हाताऱ्या माणसाला सरकारकडून ‘सगळीकडून’ पैसे मिळतात, असा एक सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः किसान सन्मान निधीचे वर्षाचे 6,000 रुपये आणि 2023 पासून राज्याने त्यात घातलेले नमो योजनेचे तितकेच रुपये, हे वार्धक्याचे नसून सातबाऱ्याचे आहेत; मुलांत वाटणी करून फेरफार झाला आणि बापाचे नाव उताऱ्यावरून उतरले, की त्याचा हक्कही उतरतो. वयाचा म्हणून जो पैसा आहे, तो श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेचा : वय 65 पूर्ण, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत, आणि रक्कम 2023 च्या जुलैपासून दरमहा 1,500 रुपये. लाभार्थी दारिद्र्यरेषेखालील यादीत असून ऐंशीच्या आत असेल, तर त्यांतले 200 केंद्राचे असतात. केंद्राची वृद्धापकाळ योजना 1995 च्या 15 ऑगस्टला 75 रुपयांवर सुरू झाली, 2006 साली तिचे 200 झाले, आणि ऐंशीच्या आतल्यांसाठी तेथेच ती थांबली आहे.

याहून विलक्षण गोष्ट स्त्रियांच्या बाबतीत घडते. लाडकी बहीण योजनेचे दरमहा 1,500 रुपये वयाच्या पासष्टीपर्यंतच मिळतात, म्हणून पुष्कळांची कल्पना अशी, की पासष्टी ओलांडताच बाई आपोआप श्रावणबाळात जाते. तसे काही होत नाही. लाडक्या बहिणीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची आहे, श्रावणबाळाला 21,000 ची. म्हणजे साठीतली जी बाई शासनाच्या लेखी गरजू होती, ती पासष्टीनंतर जवळजवळ बारापट अधिक दरिद्री असल्याचे सिद्ध करू शकली तरच गरजू राहते, आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा आणि रहिवासाचा दाखला घेऊन तिने नव्याने तहसील कचेरीची पायरी चढावयाची असते. ही विसंगती कोणी हेतुपुरस्सर निर्माण केली असेल असे मला वाटत नाही. पण ती दूर करण्याची निकडही कोणाला वाटलेली दिसत नाही.

आयता पैसा माणसाला आळशी करतो, व्यसनी करतो, हा आक्षेप मात्र जुना आणि प्रतिष्ठित आहे. वार्धक्यात सार्वजनिक साहाय्य मिळावे, हे आपल्या संविधानाच्या 41 व्या अनुच्छेदातच नमूद असल्यामुळे याला भिक्षा म्हणण्याचा अधिकार निदान आपल्याला नाही, ही गोष्ट क्षणभर बाजूला ठेवू. जागतिक बँकेच्या डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोव्हा यांनी 2014 मध्ये निरनिराळ्या देशांतील अशा योजनांच्या अभ्यासांची छाननी केली, तेव्हा रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरील खर्च सर्वसाधारणपणे वाढत नाही, असेच आढळले. मध्य प्रदेशातील खेड्यांत ‘सेवा’ संघटनेने प्रौढांना दरमहा प्रथम 200 व पुढे 300 रुपये देऊन जो प्रयोग केला, त्याचाही निष्कर्ष निराळा नव्हता. आणि आळसाचे म्हणाल, तर ज्या बाईने चाळीस वर्षे सोयाबीन सोंगले, तुरी झोडल्या, तिने सत्तरीत सावलीत बसणे याला आळस म्हणण्यास फार निबर मन लागते.

उरला तो सर्वांत सुशिक्षित गैरसमज : दीड हजारात होते काय? हिशेबाने पाहिले तर खरेच फारसे होत नाही. 2024-25 साली रोजगार हमीची मजुरी दिवसाला 297 रुपये होती, म्हणजे ही पाच दिवसांची मजुरी झाली. परंतु हा हिशेब करणारा मनुष्य रक्कम पाहतो आणि तारीख विसरतो. खेड्यातल्या किराणा दुकानदाराची उधारीची वही उघडून पाहिली, तर म्हाताऱ्याच्या नावाचे स्वतंत्र पान बहुधा सापडत नाही. त्याची चहापत्ती, त्याचा तंबाखू, सारे मुलाच्या खाती पडलेले असते, आणि म्हणून सुनेच्या कानी गेलेले असते. पगार सुरू झाला, की पान निघते. महिन्याला काही ठरलेले येते म्हणजे महिनाभर काही उधार देता येते, हे दुकानदाराला अर्थशास्त्र न शिकता कळते. रक्ताच्या दाबाच्या गोळ्या मुलाच्या सवडीची वाट न पाहता येतात, नातवाच्या हातावर दहाची नोट टेकवता येते. यालाच आपल्या भाषेत पत म्हणतात. दक्षिण आफ्रिकेत वृद्धांचे निवृत्तिवेतन कृष्णवर्णीयांना पुरतेपणी लागू झाल्यावर एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी घराघरांतील मुलांची उंची व वजने अभ्यासली, तेव्हा तो पैसा आजीच्या हाती आला तेथे नातींची वाढ सुधारलेली दिसली. आजोबांच्या हाती आला तेथे तसे आढळले नाही. आजोबांनी रागावू नये.

पण पत तारखेवर उभी असते, म्हणून हप्ता दोन-तीन महिने थकला आणि मग एकदम जमा झाला, तर बेरीज तीच राहूनही ते पान बंद झालेले असते. 2024 च्या अखेरीपासून हे पैसे आधारच्या आधारे थेट खात्यात जाऊ लागले. ‘थेट’ म्हणजे मध्ये कोणी नाही, अशी समजूत झाली तरी, ज्या बँकेचे पासबुक म्हातारीने फडक्यात बांधून जपले आहे तेथे पैसे येतीलच असे नसते. आधारशी जे खाते शेवटी जोडले गेले असेल तेथे ते जातात, आणि ते कोणते हे तिला दुसऱ्याकडून विचारून घ्यावे लागते. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावयाचा, तो निराळाच.

शेवटचा टप्पा बँकेच्या वतीने पैसे काढून देणाऱ्या बँक मित्राच्या टपरीत असतो. मागे एका आठवडी बाजाराच्या दिवशी अशाच टपरीपुढे मी उभा होतो. पुढची आजी अंगठा पदराला पुसून यंत्रावर ठेवी, यंत्र नकार देई. विळ्याने आणि सोयाबीनच्या टोकदार शेंगांनी त्या अंगठ्यावरच्या रेषा केव्हाच पुसून नेल्या होत्या. टपरीतल्या पोराने सांगितले म्हणून तिने एकेक करून बाकीची बोटे लावून पाहिली.

“बापू, बोट तं माहंच हाय,” ती म्हणाली, “पन मशीनले कोन सांगन?”

डाव्या हाताची करंगळी अखेर ओळखली गेली. पोराने नोटा मोजून दिल्या. तिने त्या पुन्हा मोजल्या, एक पन्नासाची वेगळी काढून चंचीत ठेवली, आणि यंत्रातून निघालेली चिठ्ठी त्याच्यापुढे धरून तिच्यावरची तारीख वाचून दाखवावयास सांगितली. दुकानदाराला तीच दाखवावयाची होती.