भांग चालते, मग गांजावर बंदी कुणाची?

गोहलपुरात, आणि खरं तर सगळ्याच जबलपुरात, एक गोष्ट इतक्या ठामपणे सांगितली जाते की तिला कुणी आडवा प्रश्न विचारत नाही. "गांजावर केंद्राची सरसकट बंदी आहे. भांगेचे सरकारी ठेके म्हणजे राज्यानं त्या बंदीतून काढलेली पळवाट. औषधासाठी गांजा हवा असेल तर आधी दिल्लीनं कायदा बदलायला हवा." या तीन वाक्यांत तीन चुका आहेत. त्याला जोडून अमेरिकेचा दाखला येतो: तिथल्या राज्यांनी केंद्राला न जुमानता औषधी गांजा सुरू केला, आपल्याकडेही एखाद्या मुख्यमंत्र्यानं हिंमत दाखवावी. ही चौथी चूक.

नुसत्या गप्पा असत्या तर सोडून दिलं असतं. पण यावर विसंबून माणसं निर्णय घेतात. केमोथेरपीनं बेजार झालेल्या रुग्णाचे नातेवाईक 'कायद्यात वाटच नाही' असं समजून चोरबाजारातून काळ्या तेलाची बाटली आणतात. तिच्यात काय आहे, किती आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. नेते तर याच समजुतीवर भाषणं ठोकतात. बंदी उठवा म्हणणारेही आणि उठवू नका म्हणणारेही. ज्या कायद्यावर हे भांडण चालतं तो उघडून वाचायला तासभर पुरतो, आणि तेवढंही होत नाही याची चीड येते.

तेव्हा कायदा उघडूच. गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५; थाना-कचेरीत सगळे त्याला एनडीपीएस म्हणतात. त्याचं कलम २(३) गांजाची व्याख्या करतं. गांजा म्हणजे झाडाचे फुलांचे किंवा फळांचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर बिया आणि पानं या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळली आहेत. चरस, म्हणजे झाडाची राळ, वेगळी नोंदली आहे. भांग पानांची होते. त्यामुळे निव्वळ पानांची भांग या केंद्रीय कायद्याच्या कक्षेतच येत नाही. ती राहते राज्याच्या अखत्यारीत, आणि मध्य प्रदेश तिचं नियमन १९१५ च्या आबकारी कायद्याखाली करतो. ठेक्याचा लिलाव होतो, परवाना मिळतो, सरकारला महसूल मिळतो. यात पळवाट कुठली? केंद्रानं जे क्षेत्र स्वतःहून सोडलं, तिथं राज्यानं आपला जुना कायदा चालू ठेवला, एवढंच.

हे सोडणं नजरचुकीनं झालेलं नाही. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अमली द्रव्यविषयक करारात हीच व्याख्या आहे: शेंडे धरले, पानं वगळली. भारतानं त्या करारानुसार १९८५ मध्ये कायदा केला तेव्हा व्याख्याही तीच घेतली. आपल्या भागाला तर हा विषय त्याहून कितीतरी जुना आहे. ब्रिटिश सरकारनं नेमलेल्या भांग-गांजा आयोगानं १८९३-९४ मध्ये अकराशेहून अधिक साक्षीदार तपासले. जबलपूर तेव्हा मध्य प्रांतात होतं, आणि त्या प्रांतातली गांजाची सरकारी देखरेखीखालची लागवड खंडव्याकडे होत असे. मुंबई इलाख्यात अहमदनगर त्यासाठी प्रसिद्ध होतं. आयोगाचा निष्कर्ष असा की सरसकट बंदी ना गरजेची ना शहाणपणाची. कर आणि परवाने यांनी वापर ताब्यात ठेवावा. आजच्या ठेक्यामागचं प्रशासकीय डोकं तिथून आलेलं आहे.

न्यायालयांनीही हा फरक वारंवार मानला आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं २९ किलो भांगेच्या प्रकरणात जामीन देताना भांग एनडीपीएसमध्ये येत नाही हे नोंदवलं. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती भारती डांगरे यांच्यापुढे खुद्द नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोचं, म्हणजे केंद्राच्या यंत्रणेचं, प्रकरण होतं. जप्त मालात फुलांचे शेंडे होते की नुसती पानं-बिया, यावरच वाद झाला आणि अटकपूर्व जामीन मिळाला. केंद्राची यंत्रणा असली तरी तिला व्याख्या पाळावीच लागते.

आता मुख्य मुद्दा: शेंड्यांचा गांजा. त्यावर तरी सरसकट बंदी आहे का? कलम ८ वाचा. लागवड, बाळगणं, विक्री, वापर, सगळ्याला मनाई आहे, पण 'वैद्यकीय किंवा वैज्ञानिक प्रयोजन वगळून'. हे शब्द १९८५ पासून तिथं आहेत. कलम २(१२) मध्ये तर औषधी गांजा ही संज्ञाच दिली आहे: गांजाचा अर्क किंवा टिंक्चर. म्हणजे ज्या गोष्टीसाठी कायदा बदला म्हणून लोक ओरडतात, ती त्या कायद्यात नावानिशी बसलेली आहे.

परवानगी द्यायची कुणी, याचं उत्तर कलम ९ आणि १० मध्ये आहे. झाडाची लागवड, गांजाचं उत्पादन, बाळगणं, वाहतूक, विक्री यांना परवानगी देऊन नियम करण्याचा अधिकार कलम १० नं राज्य सरकारला दिला आहे. फक्त चरस वगळली आहे. अर्क काढणं हा 'उत्पादित औषधा'चा भाग म्हणून कलम ९ खाली केंद्राकडे जातो. दोन किल्ल्यांची तिजोरी म्हणा: शेताची किल्ली भोपाळकडे, कारखान्याची दिल्लीकडे. दोघांनी मिळून ती उघडायची आहे. एकानं दुसऱ्याशी लढून ती उघडणार नाही आणि लढायची गरजही नाही. शिवाय कलम १४ खाली धागा, बी आणि बागायती यांसाठी लागवडीला परवानगी देता येते. उत्तराखंडानं २०१८ मध्ये औद्योगिक भांगेच्या लागवडीची सुरुवात याच आधारावर केली.

राज्यघटनेचीही साक्ष काढा. सातव्या अनुसूचीत औषधं आणि विषं समवर्ती सूचीत आहेत. अफू, भारतीय भांग वगैरेंवरचं उत्पादनशुल्क राज्यसूचीत ५१ व्या नोंदीत आहे. अनुच्छेद ४७ मध्ये मादक पदार्थांच्या बंदीचं मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यातही 'औषधी प्रयोजन वगळून' हे शब्द आहेत. घटनाकारांनी विचार केला होता. आपणच वाचत नाही.

म्हणूनच अमेरिकेचा दाखला इथं लागू पडत नाही. तिथं भांडण खरंच आहे. १९७० च्या केंद्रीय कायद्यानं गांजा पहिल्या अनुसूचीत टाकला, म्हणजे 'मान्य वैद्यकीय उपयोग नाही' असा शिक्काच मारला. कॅलिफोर्नियानं १९९६ मध्ये जनमत घेऊन रुग्णांना मुभा दिली आणि दोन कायदे समोरासमोर उभे राहिले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की राज्यानं मुभा दिली तरी केंद्र कारवाई करू शकतं. मग प्रश्न उरला राजकीय मर्जीचा. ओबामांच्या काळात २००९ आणि २०१३ मध्ये न्यायखात्यानं सरकारी वकिलांना हात आखडता घ्यायला सांगितलं. २०१८ च्या जानेवारीत अ‍ॅटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी त्या सूचना रद्द केल्या. दरम्यान डिसेंबर २०१४ मध्ये रिपब्लिकन डेना रोहराबाकर आणि डेमोक्रॅट सॅम फार यांच्या दुरुस्तीनं राज्यांच्या औषधी गांजाच्या योजना अडवायला न्यायखात्याचा पैसा वापरायचा नाही, असं ठरलं. दोन पक्षांचे दोन खासदार रुग्णांसाठी एकत्र आले, हे घेण्यासारखं आहे. बाकी त्यांचा पेच आपला नाही. आपल्या केंद्रीय कायद्यानं वैद्यकीय उपयोग कधी नाकारलाच नव्हता.

आपले नेते काय म्हणाले? ओडिशाचे बिजू जनता दलाचे खासदार तथागत सत्पथी यांनी गांजाबंदी ही वरच्या वर्गाची गरिबांवर लादलेली गोष्ट आहे असं उघडपणे मांडलं. पतियाळाचे खासदार डॉ. धर्मवीर गांधी यांनी २०१६ मध्ये खासगी विधेयकाचा मार्ग धरला. २०१७ मध्ये केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी मंत्रिगटापुढे वैद्यकीय वापराची सूचना केली. तिघांचं धाडस मानायला हवं, तेव्हा असं बोलणं सोपं नव्हतं. पण मनेका गांधींच्या सूचनेची बातमी देशभर 'औषधी गांजा कायदेशीर करा' अशी फिरली आणि कलम ८ मधला अपवाद कुणी आठवला नाही.

आणि आपला मध्य प्रदेश. नोव्हेंबर २०१९ मध्ये कमलनाथ सरकारचे विधिमंत्री पी. सी. शर्मा यांनी औषधी आणि औद्योगिक उपयोगासाठी लागवडीला परवानगी देण्याचं जाहीर केलं. भाजपचे रामेश्वर शर्मा यांनी राज्य नशेच्या खाईत जाईल म्हणून कडाडून विरोध केला. दोन्ही बाजूंनी आवेश होता. लागवड कुठं, देखरेख कुणाची, अर्क कुठं काढणार, मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांना तो कसा मिळणार, यावर चर्चाच पुढे सरकली नाही. मार्च २०२० मध्ये सरकार पडलं आणि विषयही पडला. जबलपुरात जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आहे, नेताजी सुभाषचंद्र बोस मेडिकल कॉलेज आहे, उच्च न्यायालयाचं मुख्य पीठ आहे. हा विषय नीट मार्गी लावायला राज्यात याहून योग्य शहर कुठलं असेल? हिमाचल प्रदेशानं निदान आमदारांची समिती नेमली, तिनं इतर राज्यांत जाऊन पाहिलं आणि २०२४ मध्ये तिचा अहवाल विधानसभेनं स्वीकारला. काम असं होतं.

हे होऊ शकतं याचा पुरावा मॉर्फिन. १९८५ च्या कायद्यानं मॉर्फिनवर बंदी घातलीच नव्हती, पण राज्याराज्यांचे वेगवेगळे परवाने आणि शिक्षेची भीती यांमुळे दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडलं. कर्करोगाचे रुग्ण अखेरपर्यंत विव्हळत गेले. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्या पॅलिएटिव्ह सेवेतल्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २०१४ मध्ये संसदेनं दुरुस्ती करून 'अत्यावश्यक गुंगीकारक औषधं' असा वर्ग केला, आणि पुढच्या वर्षी मॉर्फिन, फेंटानिलसह सहा औषधं त्यात घातली. देशभर एकच नियम लागू झाला. त्यासाठी कुठल्या राज्याला केंद्राशी लढावं लागलं नाही.

आता बाकीचे समज, थोडक्यात.

'गांजाच्या तेलानं कॅन्सर बरा होतो.' होत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी २०१७ मध्ये उपलब्ध संशोधन तपासलं. भक्कम पुरावा दिसला तो केमोनंतरची मळमळ-उलटी, प्रौढांतलं जुनाट दुखणं आणि मल्टिपल स्क्लेरॉसिसमधला स्नायूंचा ताठरपणा यांबाबत. केमो सोडून तेलावर विसंबणं म्हणजे जीव गमावणं.

'आयुर्वेदात आहे, म्हणजे कुणीही घ्यावं.' औषध व प्रसाधन नियमांच्या ई(१) अनुसूचीत भांग विषारी द्रव्यांत आहे. वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना सक्तीची आहे. वैद्याला विचारा, आणि चालू असलेली अ‍ॅलोपॅथीची औषधं त्याला सांगा.

'झाडपाला आहे, अपाय नाही.' किशोरवयात नियमित सेवन केल्यास आणि घरात मानसिक आजाराचा इतिहास असल्यास धोका खरा आहे.

'पुडीभर गांजाला कोण विचारतं?' एक किलोपर्यंतचा गांजा 'अल्प मात्रा' आहे, निर्दोष मात्रा नाही. एक वर्षापर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला तर कलम ६४-अ त्याला खटल्यापासून संरक्षण देतं; हे घराघरांत माहीत हवं.

'इथली भांग नागपूरला नेली तर काय बिघडतं?' बिघडतं. सिवनी ओलांडून पुढे गेलात की महाराष्ट्राचा १९४९ चा दारूबंदी कायदा लागतो आणि तिथं परवान्याशिवाय भांग बाळगणं गुन्हा आहे. केंद्रानं सोडलेलं क्षेत्र प्रत्येक राज्य आपापल्या परीनं भरतं, त्याचा हा परिणाम.

'भांगेच्या बियाही बेकायदा.' नाहीत. एफएसएसएआयनं नोव्हेंबर २०२१ मध्ये बी, बियांचं तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली.

'भारत जगाच्या व्यासपीठावर नेहमी विरोधातच मत देतो.' २ डिसेंबर २०२० ला संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजा सर्वांत घातक पदार्थांच्या चौथ्या अनुसूचीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी संमत झाला. भारताचं मत बाजूनं होतं.

आणि ज्यांची मुलं कॅलिफोर्निया किंवा कोलोरॅडोत आहेत त्यांच्यासाठी: 'तिकडे दुकानात मिळतं, म्हणजे चालतं' हा समज मुलांच्या कागदपत्रांवर उलटू शकतो. स्थलांतर हा केंद्राचा विषय आहे. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेच्या नागरिकत्व खात्यानं स्पष्ट केलं की राज्यात कायदेशीर असलेला गांजा वापरणं किंवा त्या धंद्यात नोकरी करणं हेही नागरिकत्वाच्या अर्जाआड येऊ शकतं. मुलाखतीला जाण्याआधी वकिलाला विचारायला सांगा.