गाडीचे दार आणि पाठीमागून येणारा वारा

पावसाळ्यात पाचगणी-महाबळेश्वर फिरून आलेल्या गाड्यांचे एक दुखणे गॅरेजवाल्यांच्या ओळखीचे असते. पुढचे दार उघडताना ‘कट्ट’ असा आवाज येतो. दाराची पुढची कड फेंडरवर आपटून तिथला रंग उडालेला असतो. दार लावताना किंचित उचलून लावावे लागते. मालक सांगतो, “वाऱ्याने हातातून दार सुटले.” एवढे खरे असते. त्यापुढे जी कारणे सांगितली जातात, म्हणजे पत्रा हलका होता, हात निसटला, वादळच तसे होते, ती बहुतेक वेळा खरी नसतात. कारण चुकीचे धरले की उपायही चुकतो आणि पुढच्या वर्षी तीच गाडी त्याच दुखण्याने परत येते. माझे म्हणणे एवढेच आहे की हे नुकसान हाताच्या ताकदीने फारसे टळत नाही. गाडी उभी करताना तिचे तोंड कुठे ठेवले, तिथेच निम्म्याहून जास्त गोष्ट ठरून जाते.

म्हणून पहिला गैरसमज दिशेचा. वारा जोरात आहे की हळू, याकडे सगळ्यांचे लक्ष असते. तो गाडीच्या कोणत्या अंगाने येतो हे कोणी पाहत नाही. आज जवळजवळ प्रत्येक मोटारीच्या दारांच्या बिजागऱ्या पुढच्या बाजूला असतात आणि त्यामागे सुरक्षेचा विचार आहे. धावत्या गाडीला हवा समोरून लागते. दार नीट लागले नसेल, तर ही हवा त्याला बंद होण्याच्या दिशेने ढकलते. आपल्याकडे ‘डुक्कर फियाट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या फियाट अकराशेची पुढची दारे याच्या उलट होती, बिजागरी मागे आणि कडी पुढे. धावत्या गाडीत असे दार जरा उघडले, तरी समोरची हवा आत शिरून ते सताड मागे फेकणार. ती पद्धत मागे पडली याचे हे एक मोठे कारण. पण गाडी थांबली की हिशेब फिरतो. उभ्या गाडीला वारा मागून लागत असेल, तर आजचे सुरक्षित दारही त्या जुन्या फियाटच्या दारासारखेच वागते.

मागून येणाऱ्या वाऱ्याची एक खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे. दार वीतभर उघडेपर्यंत काहीच जाणवत नाही, कारण तेवढ्या कोनात दार वाऱ्याला जवळजवळ समांतर असते. जसजसे ते उघडत जाते तसतसे ते वाऱ्याला आडवे येते आणि जोर वाढत जातो. हात सैलावलेला असतो, शरीर उतरण्यासाठी वळलेले असते, एक पाय बाहेर पडलेला असतो, आणि नेमका तेव्हाच हिसका बसतो. “अचानक झोत आला” असे माणूस सांगतो. पुष्कळदा झोत आलेला नसतो. वारा होता तसाच असतो, फक्त दार त्याच्या तावडीत गेलेले असते.

आता जोर किती? इथे दुसरा गैरसमज आहे, की भीती फक्त वादळात. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. मोटारीचे पुढचे दार काचेसकट साधारण एक चौरस मीटरचे धरले, तर ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात त्यावर सहा-सात किलोचा भार येतो. तो कोणीही पेलेल. ताशी ५४ किलोमीटरला हाच भार पंधरा किलोच्या आसपास जातो आणि ७२ ला सत्तावीस-अठ्ठावीस किलोपर्यंत. शिवाय वारा एकसारखा वाहत नाही. सरासरी वेगाच्या दीडपट झोत येणे अगदी नेहमीचे आहे आणि दीडपट वेग म्हणजे सव्वादोनपट दाब. मोबाइलवरच्या हवामानात दिसणारा आकडा बहुधा सरासरीचा असतो. दार मोडते ते झोताने.

वेग मोजायला यंत्र लागत नाही. फ्रान्सिस ब्यूफोर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५ मध्ये वाऱ्याची जी श्रेणी आखली, तिच्या जमिनीवरच्या खुणा पार्किंगमध्ये उभे राहूनही वाचता येतात. लहान झाडे डोलू लागली की पाचवी पायरी, म्हणजे ताशी २९ ते ३८ किलोमीटर. मोठ्या फांद्या हलू लागल्या, छत्री सांभाळणे अवघड झाले की सहावी, ३९ ते ४९. छत्री उलटी होत असेल तर दारही जपायचे, हे एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

“आमची गाडी दणकट आहे, दार जड आहे” हा विश्वास मला सर्वांत जास्त खटकतो, कारण त्याच्या भरवशावर माणसे निष्काळजी होतात. वाऱ्याचा जोर दाराच्या क्षेत्रफळावर ठरतो, वजनावर नाही. जड दाराला वेग यायला थोडा जास्त वेळ लागतो हे खरे. पण तेवढ्याच कोनातून फिरताना वारा त्यात जी ऊर्जा भरतो ती जड दारात आणि हलक्या दारात सारखीच असते, आणि शेवटी ती कुठेतरी जिरवावी लागतेच. उंच, ऐसपैस एसयूव्हीचे दार मोठे असते, म्हणजे तिथे वाऱ्याला धरायला जागाही जास्त. पंचवीस-तीस किलोचे दार ताशी पन्नास-पंचावन्न किलोमीटरच्या वाऱ्यात सापडले, तर पुरते उघडायला त्याला साधारण अर्धा ते पाऊण सेकंद लागतो. डोळ्यांनी पाहून हाताने आवरायला एवढा वेळ पुरत नाही.

ती ऊर्जा जिरते कुठे? दाराच्या आणि खांबाच्या मधे, दोन बिजागऱ्यांच्या जवळ, एक छोटी पट्टी असते. तिला डोअर चेक किंवा नुसते स्टॉपर म्हणतात. दार दोन-तीन टप्प्यांवर थांबते ते तिच्यामुळे. लोकांना वाटते हे स्टॉपर म्हणजे दाराचा ब्रेक, ते वाऱ्यालाही थोपवेल. ते त्यासाठी बनवलेले नाही. उतारावर दार आपोआप मिटू नये, साध्या झुळकीने हलू नये, एवढेच त्याचे काम. शिवाय ते बिजागरीपासून जेमतेम सहा-सात सेंटिमीटरवर बसवलेले असते आणि वाऱ्याचा भार मात्र दाराच्या मध्यावर, म्हणजे अर्ध्या मीटरवर, पडतो. तरफेच्या हिशेबाने तो भार तिथे सात-आठपट होतो. सत्तावीस किलोच्या भाराचे त्या पट्टीवर दोनशे किलो होतात, आणि तेही दार शांतपणे टेकलेले असेल तर. धावत येऊन आपटले तर कितीतरी जास्त. मग पट्टीचा नट पत्र्यासकट ओढला जातो, बिजागरी वाकते, कधी खांबालाच पीळ बसतो आणि दाराची पुढची कड फेंडरमध्ये घुसते.

असे झाले की दार गुडघ्याने रेटून ‘जागेवर’ बसवण्याचा मोह होतो. दार लागतेही. पण बिजागरीची रेघ सुटलेली असते, रबर सगळीकडे सारखे दाबले जात नाही, आणि मग महामार्गावर शिट्टीसारखा आवाज किंवा पावसात पायाशी ओल अशा तक्रारी सुरू होतात. डेंटिंग-पेंटिंगच्या आधी बिजागरी आणि खांबाची जागा मोजून घ्यायला सांगावे. नुसता रंग मारून घेऊ नये.

समोरचा वारा निर्धोक, हाही एक अर्धवट समज. गाडीच्या दृष्टीने तो खरोखरच बरा, कारण दार उलटत नाही. माणसाच्या दृष्टीने तसे नाही. समोरून वारा असताना दार जोरात मिटते, आणि मधे नडगी, मनगट किंवा बोटे असतील तर ती सापडतात. बाजूचा वारा आणखी फसवा. ज्या बाजूवर वारा आदळतो तिकडचे दार उघडायला जड जाते. आडोशाच्या बाजूला हवेचा दाब कमी असल्याने तिकडचे दार बाहेर ओढले जाते. दोन्ही बाजूंची दारे एकदम उघडली तर गाडीतून आरपार वारा वाहतो आणि पलीकडच्याच्या हातातून दार सुटते. सगळ्यांनी एकाच वेळी उतरायची आपली सवय इथे महागात पडते.

सह्याद्रीच्या माथ्यावर हा विषय इतका का पेटतो, यामागे एक सुंदर भूगोल आहे. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून एक जोरकस प्रवाह भारताकडे येतो. समुद्रसपाटीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर त्याचा जोर सर्वाधिक असतो. १९६९ मध्ये फिंडलेटर या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला फिंडलेटर जेट म्हणतात. महाबळेश्वर आहे साधारण १,३५० मीटरवर. म्हणजे जुलैत तिथल्या एखाद्या पॉइंटवर गाडीतून उतरणारा माणूस मान्सूनच्या मुख्य प्रवाहाच्या जवळपास त्याच पातळीवर उतरत असतो. त्यातच कोकणच्या अंगाचा कडा सरळ उभा. समोरून येणारी हवा कड्यावर चढताना दाटते आणि काठावर आणखी वेगाने धावते. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या, कोयनेच्या बाजूला वनकुसवड्याच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या याच वाऱ्याच्या भरवशावर. पठारावर पवनचक्की दिसली की दाराची काळजी घ्यायची जागा आली असे खुशाल समजावे.

आणि नेमक्या अशाच ठिकाणी आपण गाडी कशी लावतो? निघताना सोपे जावे म्हणून मागे घेत-घेत, दरीकडे पाठ करून. पश्चिमेकडे तोंड असलेल्या पॉइंटवर याचा अर्थ वाऱ्याकडे पाठ. पावसाळ्यात अशा ठिकाणी गाडीचे नाक पश्चिमेला ठेवावे. दरीकडे तोंड करायचे तर काठापासून अंतर राखून, हँडब्रेक ओढून आणि गाडी गिअरमध्ये ठेवून. कोकण किनाऱ्यावर आणि गोव्यात समुद्रालगत गाडी लावतानाही हेच.

शहरात राहणाऱ्यांना वाटते, मोकळे मैदान धोक्याचे आणि इमारतींच्या मधे आडोसा. पाच-सहा मजली जुन्या वस्तीत ते बऱ्याच अंशी खरे आहे. उंच टॉवरच्या पायथ्याशी उलटे घडते. वरच्या मजल्यांवर आदळलेला वारा भिंतीवरून खाली उतरतो आणि कोपऱ्यांवरून जोरात निसटतो. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात ११२ मीटर उंचीच्या ब्रिजवॉटर प्लेस या इमारतीच्या पायथ्याशी २०११ मध्ये अशा वाऱ्याने एक मालमोटार उलटली आणि एका पादचाऱ्याचा जीव गेला. पुढे तिथे वारा अडवणारे पडदे उभारावे लागले. आपल्याकडच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये, म्हणजे खांबांवर उभ्या इमारतीच्या पोटात, पुढच्या अंगाला दाब जास्त आणि मागच्या अंगाला कमी असतो, त्यामुळे वारा त्या मोकळ्या जागेतून घुसतो. त्यात पार्किंगची जागा सुमारे अडीच मीटर रुंद. दोन गाड्यांमध्ये पाऊण मीटर उरते आणि दार पुरते उघडायला त्याहून जास्त लागते. तिथे सुटलेले दार फेंडरपर्यंत पोचतच नाही; शेजारच्याच्या गाडीवर आदळते आणि मग सोसायटीत भांडण.

वळवाचे गणित वेगळे. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी हवा एकदम पडते आणि लोक म्हणतात, वारा नाही. पण ढगातून कोसळलेली थंड हवा जमिनीवर पसरत पावसाच्या आधी येऊन पोचते, आणि तिची दिशा दिवसभराच्या वाऱ्याशी जुळेलच असे नाही. त्यामुळे इथे दिशा बघून लावलेली गाडीही दगा देऊ शकते. गडगडाट जवळ आला असेल तर पाच-दहा मिनिटे गाडीतच बसावे.

विम्याबद्दल थोडक्यात. नुसता तृतीय पक्ष विमा असेल तर स्वतःच्या दारासाठी काहीही मिळत नाही. पॅकेज पॉलिसीत वादळ आणि बाहेरून झालेला अपघात येतो, पण झीज येत नाही. त्यामुळे बिजागरी आधीच खिळखिळी असेल तर वाद होऊ शकतो. दावा केला तर १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १,००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपये आपल्यालाच भरावे लागतात, शिवाय नो क्लेम बोनस जातो. लहान नुकसानीत हिशेब करूनच दावा करावा. आइसलँडला जाणाऱ्यांनी मात्र करार नीट वाचावा. तिथल्या बऱ्याच भाड्याच्या गाड्यांना वाऱ्याने उलटलेल्या दाराचा खर्च नेहमीच्या विम्यात धरलेला नसतो.

पाठीमागून वारा असताना उतरायचेच असेल, तर आधी काच पूर्ण खाली करावी. वाऱ्याला धरायला जागा कमी होते. एका हाताने कडी ओढावी आणि दुसऱ्या हाताने दाराच्या आतली मूठ, बिजागरीपासून जितकी लांब धरता येईल तितकी, घट्ट धरावी. लागेल तेवढेच दार उघडावे आणि एका वेळी एकच. मागे मुले असतील तर चाइल्ड लॉक लावून ठेवावा. मोठ्या माणसाने आधी उतरून आपले दार लावावे, मागचे दार बाहेरून दोन्ही हातांनी धरून उघडावे, आणि मुलांची बोटे चौकटीवर किंवा बिजागरीच्या फटीत नाहीत हे डोळ्यांनी पाहिल्यावरच ते मिटू द्यावे.