चेन सॉची दुरुस्ती : पडवीत बसण्यापूर्वी वाचा



३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला लागलं आणि रायगड-रत्नागिरीतल्या कितीतरी नारळ-सुपारीच्या बागा एका दिवसात आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी, मे महिन्यात, तौक्ते आलं. वाटेवर, अंगणात, विहिरीवर पडलेली झाडं कुऱ्हाडीनं तोडता तोडता माणसं थकली, आणि आमच्या भागात त्यानंतर लाकूड कापायचं पेट्रोलचं मशीन घरोघर दिसू लागलं. कोणी त्याला कटर म्हणतं, कोणी चेन सॉ. आता आंब्याची छाटणी असो की काजूच्या जुन्या फांद्या काढायच्या असोत, त्याच्यावाचून चालत नाही.

झाडावर मशीन चालवताना काय जपावं हे आपण कार्यक्रमात अनेकदा ऐकतो. हे पत्रक मात्र त्यानंतरच्या कामाचं आहे. संध्याकाळी मशीन घरी आणून, पडवीत गोणपाटावर ठेवून, दिव्याच्या उजेडात जी खाटखूट आपण करतो, त्या कामाचं. मशीन बंद आहे म्हणून माणूस निर्धास्त असतो, आणि तिथंच हात कापून घेतो.

माझंच सांगतो. बारचा नट गच्च बसला होता. (चेन जिच्यावरून फिरते त्या लांब पट्टीला बार म्हणतात.) डाव्या हातानं बार दाबून धरला आणि उजव्या हातानं पाना जोरात रेटला. पाना सटकला आणि मूठ थेट दात्यांवर आदळली. इंजिन थंड, टाकी रिकामी, तरी हाताला पाच टाके पडले. हातमोजे समोर खुंटीला टांगलेले होते! ऐन काजूच्या हंगामात महिनाभर दुसऱ्याच्या हाताकडं बघत बसावं लागलं.

म्हणून पाना लावण्याआधी एवढं करा. स्विच बंद करा आणि प्लगची टोपी उपटून बाजूला करा. मशीन बॅटरीवरचं असेल तर बॅटरीच बाहेर काढा. कोणी म्हणेल, चेन हातानं फिरवली तर इंजिन थोडंच सुरू होतं? होत नाही, हे खरं आहे. पण दुरुस्ती करताना मध्येच दोरी ओढून बघायचा मोह आपल्याला होतो, आणि घरातलं पोर तर दोरी दिसली की ओढतंच. टोपी काढलेली असेल तर ठिणगीच पडणार नाही. सायलेन्सर गार होईपर्यंत थांबा, तोवर चहा घेऊन या. जाड कातडी हातमोजे घाला, डोळ्यांना चष्मा लावा. नट सोडवताना दात्यांवर जाड गोणपाटाची घडी ठेवा आणि पाना नेहमी दात्यांपासून दूर जाईल अशाच बाजूला रेटा.

आणखी एक. बाजूचं कव्हर काढण्यापूर्वी चेन ब्रेक सोडलेला आहे ना, ते बघा. काही मशीनांत ब्रेकची पट्टी कव्हरमध्येच असते. ब्रेक लावलेल्या स्थितीत कव्हर काढलं, तर ते परत जागेवर बसत नाही आणि माणूस उगाच ठोकाठोक करत बसतो.

धार : निम्म्या तक्रारींचं मूळ

"मशीनचा जोर कमी झाला", "मशीन गरम होतं", "बार काळा पडला", "कापताना वाकडं जातं". अशा तक्रारी घेऊन माणसं मिस्त्रीकडं जातात आणि बहुतेक वेळा इंजिनात काहीच बिघाड नसतो. चेन बोथट झालेली असते. ओळखायची खूण सोपी आहे. कापताना खाली पडतं ते पाहा. ढलप्या पडत असतील तर धार आहे. पिठासारखा भुसा पडत असेल, किंवा मशीन अंगाचा जोर देऊन दाबावं लागत असेल, तर धार गेली. बोथट मशीन दाबणारा माणूस दमतो, दमला की पाय सरकतो, आणि पुढचं सांगायला नको. नारळाच्या बुंध्यात वाळू-माती अडकलेली असते, तिथं धार लवकर जाते. जमिनीला एकदा टेकलेली चेन तर त्याच दिवशी पाजळावी.

चेनला साधी चपटी किंवा तिकोनी कानस चालत नाही. गोल कानस लागते आणि ती चेनच्या मापाची लागते. लहान मशीनांवर बहुधा ३/८ इंच लो-प्रोफाइल चेन असते, तिला ४ मि.मी.ची कानस. ०.३२५ इंच चेनला ४.८ मि.मी.ची. मोठ्या ३/८ इंची चेनला ५.२ किंवा ५.५ मि.मी.ची. आपल्या चेनचं माप मशीनच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. पुस्तिका हरवली असेल तर चेनच घेऊन दुकानात जा, अंदाजानं कानस आणू नका.

बार वाइसमध्ये पकडा. वाइस नसेल तर जाड ओंडक्याला मशीननंच एक खाच पाडून ठेवावी आणि बार तीत उभा बसवावा, पक्का राहतो. धार लावताना चेन ब्रेक लावा म्हणजे चेन सरकत नाही. पुढचे दाते घ्यायचे तेव्हा ब्रेक सोडा, मोजे घातलेल्या हातानं चेन पुढं ओढा, ब्रेक परत लावा.

कानस दात्याच्या आतल्या बाजूनं बाहेर, फक्त पुढं ढकलायची. मागं आणताना उचलून आणायची. मागेपुढे घासली तर कानसही जाते आणि धारही. बहुतेक चेनना ३० अंशांचा तिरपा कोन लागतो, आणि दात्याच्या डोक्यावर मागच्या कडेजवळ बारीक तिरपी रेघ असते, कानस त्या रेघेला समांतर धरावी. कानशीच्या जाडीचा साधारण पाचवा हिस्सा दात्याच्या वर राहिला पाहिजे. आधी सगळ्यात आखूड झालेला दाता शोधा, त्याला धार आणा, आणि बाकीचे त्याच्याच लांबीचे करा. एका बाजूचे दाते लांब आणि दुसरीकडचे आखूड राहिले, की मशीन कापताना वळतं. उजव्या हाताच्या माणसाची एका बाजूला घास जास्त बसते, हे आपल्यातल्या प्रत्येकाचं आहे, म्हणून घास मोजूनच द्या. वरचा दाता झिजत झिजत ४ मि.मी.पेक्षा आखूड झाला, की ती चेन टाकून द्या. तुटलेली चेन गोफणीतल्या दगडासारखी येते.

आता दात्याच्या पुढचा तो छोटा उंचवटा. त्याला गेज म्हणतात आणि त्याच्याकडं फारसं कोणी बघत नाही. सुताराचा रंधा आठवा. रंध्याचं पातं जितकं बाहेर काढाल तितकी जाड साल निघते. इथं गेज आणि दात्याची धार यांच्या उंचीतला फरक म्हणजे ते बाहेर काढलेलं पातं. साधारण ०.६५ मि.मी. फरक असावा, पण आपल्या चेनचा नेमका आकडा पुस्तिकेत बघा. दाता घासून घासून खाली येतो आणि गेज तेवढाच राहतो, म्हणून चार-पाच वेळा धार लावल्यावर गेजही चपट्या कानशीनं थोडा उतरवावा लागतो. त्यासाठी मापाची पत्र्याची पट्टी मिळते, ती घ्या. डोळ्यानं गेज घासणारे माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना वाटतं जितका खाली तितकं मशीन झपाट्यानं कापतं. कापतं खरं. पण प्रत्येक दाता लाकडात खोल घुसतो, चेन अडकते, आणि बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर मशीन उसळून तोंडाकडं येतं. पडवीत केलेल्या चुकीचं फळ असं बागेत मिळतं.

बार आणि तेल

कव्हर निघालंच आहे तर बारची खाच पातळ पत्र्यानं खरवडून काढा. तेल यायचं बारीक भोक बुजलेलं असतं, ते तारेनं मोकळं करा. बारच्या कडांवर बाहेर आलेले धस चपट्या कानशीनं काढा. दर वेळी बार उलटा करून बसवा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. चेन ज्या दात्याच्या चक्रावरून फिरते त्याच्यावर अर्धा मि.मी. खोल चरे दिसले तर चक्र बदला. जुन्या चक्रावर नवी चेन म्हणजे पैसे पाण्यात.

जळकं इंजिन ऑइल चेनला वापरू नका. त्यात धातूची पूड असते, ते चेनला धरून राहत नाही, आणि त्याचे शिंतोडे अंगावर उडतात ते कातडीला वाईट. पेट्रोल भराल तेव्हा चेनचं तेलही भरा, हा नेम ठेवा. तेल येतं की नाही हे बघायला मशीन बाहेर सुरू करून बारचं टोक कोरड्या फळकुटासमोर वीतभर अंतरावर धरा आणि थोडी रेस द्या. तेलाची रेघ उमटली पाहिजे.

दोन दोष असताना मशीन बाहेर नेऊ नका

पहिला दोष, रेस सोडली तरी चेन फिरत राहते. अशा मशीनला मी वेडं जनावर म्हणतो. माणूस एका फांदीवरून दुसरीकडं जातो, बोट रेसवर नाही म्हणून बेफिकीर असतो, आणि मांडीला चेन लागते. स्लोचा स्क्रू असतो, त्याच्यापाशी बहुधा एलए किंवा टी असं अक्षर असतं. तो हळूहळू डावीकडं फिरवून चेन थांबते का बघा. एवढ्यानं थांबली नाही तर क्लचची स्प्रिंग तुटली किंवा सैल झाली असण्याची शक्यता आहे. कार्बोरेटरचे बाकीचे दोन स्क्रू मात्र आपण फिरवू नयेत. त्यातला मोठ्या रेसचा स्क्रू जास्त बंद झाला तर इंजिनाला पेट्रोलबरोबर जाणारं तेल कमी पडतं आणि पिस्टन करपतो.

दुसरा दोष, चेन ब्रेक न लागणं. पुढच्या मुठीसमोर जी आडवी फळी असते ती नुसता हाताचा आडोसा नव्हे, मशीन उसळलं की चेन थांबवणारी तीच. कव्हरखाली साचलेल्या तेलकट भुश्यानं ब्रेकची पट्टी जाम होते, म्हणून ब्रशनं झाडून काढा. सगळं जोडल्यावर मशीन अंगणात जमिनीवर ठेवा, दोन्ही मुठी घट्ट धरा, रेस द्या आणि मूठ न सोडता डाव्या मनगटानं फळी पुढं ढकला. चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. घसटत थांबली तर मशीन मिस्त्रीकडं.

पेट्रोल, धूर आणि विडी

पावसात दारं लावून पडवीत इंजिन सुरू करणं हा जिवाशी खेळ आहे. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग ना वास. डोकं जड होतं, मळमळतं, आणि उठून दार उघडायचं भानही राहत नाही. इंजिन नेहमी उघड्यावर सुरू करा. मशीन जमिनीवर, ब्रेक लावलेला, डावा हात पुढच्या मुठीवर, उजवा पाय मागच्या मुठीत, आणि मग दोरी. हातात लोंबकळत धरून दोरी ओढू नका.

पेट्रोल गार इंजिनात भरा, आणि भरलं त्या जागेपासून निदान तीन मीटर दूर जाऊन सुरू करा. विडी तर नकोच, पडवीतली चूलसुद्धा लक्षात ठेवा. तेलाचं प्रमाण मशीनवर अवलंबून आहे. चांगलं टू-स्ट्रोक तेल वापरून पन्नासास एक असं प्रमाण सांगितलं असेल तर लिटरला २० मि.ली., पंचवीसास एक असेल तर ४० मि.ली. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं आणि बरेच दिवस टाकीत राहिलं तर कार्बोरेटरच्या पातळ पडद्याला, रबरी नळ्यांना बाधतं. एकदम पाच लिटर मिसळून ठेवू नका, आठवड्याभरात संपेल तेवढंच मिसळा.

हवेची जाळी पेट्रोलनं धुण्याची सवय सोडा. कोमट साबणपाणी पुरे, वाळल्यावर बसवा. कागदी जाळी असेल तर धुवू नका, नुसती झटका. प्लगच्या टोकांतलं अंतर बहुधा अर्धा मि.मी. असतं. प्लग बाहेर काढून ठिणगी बघायची असेल तर आधी टाकीचं झाकण लावा आणि प्लग त्याच्या भोकापासून लांब धरा, त्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असते.

दोरीच्या चक्राखालची स्प्रिंग आणि क्लच ही मिस्त्रीची कामं. स्प्रिंग ताणून बसवलेली असते, ताण न सोडता चक्र उचललं तर पात्यासारखी तोंडावर येते. आणि क्लच बहुतेक मशीनांत उलट्या आट्यांचा असतो. तो सुटत नाही म्हणून छिन्नी-हातोडा घेतलेले लोक पाहिले आहेत, ते तो जास्तच आवळत होते.

पावसाळ्यात मशीन दोन-तीन महिने ठेवायचं असेल तर टाकी रिकामी करा, मग बाहेर सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. चेन काढून तेलात बुडवून ठेवा.

परत जोडताना बारच्या वरच्या कडेवर दात्यांची धार टोकाकडं असली पाहिजे. बारचं टोक किंचित वर उचलून धरा, चेन ताणा आणि तसंच धरून नट आवळा. चेन खालच्या बाजूला लोंबता कामा नये आणि ब्रेक सोडून मोजे घातलेल्या हातानं ओढली तर सहज फिरली पाहिजे. नवी चेन पहिल्या अर्ध्या तासात ताणतेच, दोन-तीनदा मशीन बंद करून बघावं लागतं. गरम असताना ताणलेली चेन काम संपल्यावर सैल करून ठेवा, नाहीतर रात्री गार होताना आखडते आणि क्रँकशाफ्ट व बेअरिंगला इजा करू शकते.