गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे काही विरळ प्रकार : निदान आणि उपचार

गर्भाशयमुखाचा कर्करोग हा व्यवहारात एकच रोग मानला जातो. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्याची अनेक रूपे दिसतात. दहा रुग्णांपैकी सात ते आठ जणींचा कर्करोग चपट्या, म्हणजेच पट्टकी पेशींपासून उद्भवतो. उरलेल्यांपैकी बहुतेक ग्रंथिकर्करोग असतात. या दोहोंच्या पलीकडे, अथवा ग्रंथिकर्करोगाच्याच पोटात, असेही काही प्रकार आहेत की ते एखाद्या विकृतिविज्ञास वर्षाकाठी एखाद-दुसरेच पाहावयास मिळावेत. चाळणी परीक्षा, अवस्थानिश्चिती आणि किरणोपचार यांची आजची घडण मुख्यतः पहिल्या प्रकाराच्या अनुभवावर झालेली आहे. विरळ प्रकारांस ती जशीच्या तशी लावली असता कोठे अडचण येते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रथम लहान पेशींचा तंत्रिका-अंतःस्रावी कर्करोग घेऊ. याचे प्रमाण एकूण रुग्णांत शेकडा एक ते दोनच्या आसपास असले तरी त्याची गती मोठी असते. गर्भाशयमुखावर लहानसे अर्बुद दिसत असतानाच लसीका ग्रंथी, यकृत किंवा फुप्फुस येथे प्रक्षेप झालेले असू शकतात. पेशी लहान, केंद्रक गडद व जीवद्रव्य नाममात्र, असे त्याचे रूप असते. जीवोतक परीक्षेत ऊतीचा तुकडा दबला गेला तर या पेशी चेंगरून जातात आणि चित्र आणखीच संदिग्ध होते. अशा वेळी सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन, सीडी56 व अलीकडे आयएनएसएम1 या प्रथिनांचा प्रतिपिंडांच्या साहाय्याने शोध घेतात. येथे एक सापळा सांगणे अवश्य आहे. टीटीएफ-1 हे प्रथिन फुप्फुसातील अर्बुदाची खूण समजले जाते. परंतु गर्भाशयमुखात मूळ असलेल्या या कर्करोगातही ते आढळू शकते. केवळ त्यावरून ‘मूळ फुप्फुसात’ असा निष्कर्ष काढणे युक्त नव्हे. यांतील बहुसंख्य अर्बुदांत मानवी पॅपिलोमा विषाणू, विशेषतः त्याचा 18 वा प्रकार सापडतो. ही खूण मूळ ठरविण्यास उपयोगी पडते.

उपचाराची दिशा फुप्फुसातील समरूप कर्करोगाच्या अनुभवावरून घेतलेली आहे. अर्बुद लहान व मर्यादित असल्यास व्यापक गर्भाशय-उच्छेदन करून त्यानंतर एटोपोसाइड व सिस्प्लॅटिन ही औषधे देतात. मोठे असल्यास हीच औषधे व किरणोपचार यांची जोड करतात. औषधे लागलीच सुरू करणे महत्त्वाचे, कारण रोग स्थानिक दिसत असला तरी तो तसा असेलच असे नाही. एका बाबतीत मात्र फुप्फुसाचे अनुकरण केले जात नाही. तेथे मेंदूस प्रतिबंधक किरणोपचार देण्याची प्रथा आहे. येथे फुप्फुसात प्रक्षेप नसता मेंदूत प्रक्षेप क्वचितच होत असल्याने तो सरसकट देत नाहीत.

दुसरा प्रकार याच्या अगदी उलट स्वभावाचा आहे. जठरसदृश ग्रंथिकर्करोगाचे एक रूप इतके सौम्य दिसते की 1870 साली गुसेरो या जर्मन वैद्याने त्याचे वर्णन केल्यापासून ते निदानकर्त्यांस चकवीत आले आहे. ग्रंथींच्या पेशी जवळजवळ निर्दोष. दोष आढळतो तो त्या ग्रंथी किती खोल शिरल्या आहेत यात. साहजिकच वरवर घेतलेल्या तुकड्यात काहीच सापडत नाही आणि शंकूच्या आकाराचा खोल छेद घ्यावा लागतो. रुग्णेची तक्रार बहुधा रक्तस्रावाची नसून पाण्यासारख्या किंवा श्लेष्मल स्रावाची असते, आणि ती महिनोन्‌महिने ‘अंगावर पाणी जाते’ म्हणून दुर्लक्षिली जाते. या पेशींतील श्लेष्मा उदासीन जातीचा असल्याने आल्शियन ब्लू व पीएएस या संयुक्त रंजनात तो तांबडा दिसतो. प्राकृत ग्रंथींतील श्लेष्मा जांभळा दिसतो. हे जुने आणि स्वस्त रंजन आजही विसरता कामा नये. काही रुग्णांत ओठांवर काळे ठिपके व आतड्यात पॉलिप असतात. हा प्यूट्झ-येगर्स विकार असून त्यास कारणीभूत असलेले एसटीके11 हे जनुक 1998 मध्ये ओळखले गेले. म्हणून गर्भाशयमुख तपासणाऱ्याने ओठही पाहावेत!

या प्रकाराचा पॅपिलोमा विषाणूशी संबंध नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या वर्गीकरणात विषाणुजन्य व विषाणुनिरपेक्ष अशी मूलभूत विभागणी केली गेली ती याच कारणाने. महाराष्ट्राच्या दृष्टीने तिचे महत्त्व विशेष आहे. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील 1,31,746 स्त्रियांवर झालेल्या आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, विषाणूची चाचणी ज्या गटाला एकदा देऊ केली त्या गटात या रोगाचे मृत्यू तुलनागटाच्या सुमारे निम्म्यावर आले. चाळणीसाठी या चाचणीचे मोल त्यामुळे निर्विवाद ठरते. परंतु चाळणी निरोगी दिसणाऱ्या स्त्रीसाठी असते. ज्या स्त्रीस सतत पाण्यासारखा स्राव होतो, तिच्या बाबतीत ‘विषाणू नाही’ हा अहवाल तपास थांबविण्याचे कारण होऊ शकत नाही.

जठरसदृश कर्करोग बीजांडे व उदरपटल यांकडे पसरतो, आणि किरणोपचार व नेहमीची औषधे यांस तो तितकासा दाद देत नाही. शक्य असेल तेथे शल्यक्रियेवरच भर देण्याकडे कल असतो तो यामुळे. शल्यक्रियेच्या वेळी बीजांडे राखावयाची की नाहीत, हा प्रश्नही येथे पट्टकी कर्करोगाहून वेगळ्या रीतीने सोडवावा लागतो.

स्वच्छपेशी कर्करोगाचा इतिहास बोधप्रद असला तरी तो येथे थोडक्यातच देतो. 1971 मध्ये बॉस्टन येथे हर्ब्स्ट व सहकाऱ्यांनी तरुण मुलींतील योनिमार्गाच्या आठ ग्रंथिकर्करोगांची तपासणी केली. त्यांपैकी सात जणींच्या मातांनी गरोदरपणी डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल घेतले होते. पुढे गर्भाशयमुखाच्या स्वच्छपेशी कर्करोगाशीही या औषधाचा संबंध दिसून आला. औषधाशी संबंध नसलेले रुग्णही आढळतात, आणि त्यांतही विषाणू बहुधा नसतो.

उपचारांचे मोठे तुलनात्मक प्रयोग पट्टकी व नेहमीच्या ग्रंथिकर्करोगांवर झाले आहेत. लहान पेशींचा प्रकार त्यांतून बहुधा मुद्दाम वगळला जातो. त्यामुळे विरळ प्रकारांचे ज्ञान मुख्यतः अनेक रुग्णालयांतील जुन्या नोंदी एकत्र करूनच वाढले आहे. अशा नोंदींत ‘ग्रंथिकर्करोग’ एवढाच शब्द लिहिलेला असेल तर त्या निरुपयोगी ठरतात. जठरसदृश प्रकाराची शंका येताच पी16 व विषाणूची तपासणी करावी, मेणातील ऊती-ठोकळे जपून ठेवावेत, आणि स्राव कसा होता व किती दिवस होता, हे तपासणीच्या मागणीपत्रावर रुग्णेच्या वयाशेजारी लिहावे.