प्रकल्प व्यवस्थापन प्रमाणपत्र परीक्षेची पूर्वतयारी : स्मरणाकडून निर्णयाकडे

प्रस्तावना :

निश्चित मुदतीत एखादी नवी वस्तू, सेवा किंवा फलित निर्माण करण्यासाठी हाती घेतलेले तात्पुरते कार्य म्हणजे प्रकल्प होय. पुलाची बांधणी, संगणक प्रणालीची निर्मिती, रुग्णालयाचा विस्तार ही त्याची परिचित उदाहरणे होत. अशा कार्याचे शास्त्र विकसित व्हावे या हेतूने अमेरिकेत १९६९ मध्ये 'प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट' ही संस्था स्थापन झाली. या संस्थेने १९८४ मध्ये सुरू केलेली 'प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल' म्हणजेच पीएमपी ही परीक्षा आज जगभर दिली जाते. अभियांत्रिकी, माहिती तंत्रज्ञान व बांधकाम क्षेत्रातील अनेक भारतीय कर्मचारी या परीक्षेला बसतात. या परीक्षेची तयारी कोणत्या दृष्टीने करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पात्रता :

पीएमपी ही पदवीनंतर लगेच देता येणारी परीक्षा नाही. जानेवारी २०२१ पासूनच्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी असलेल्या उमेदवाराला मागील आठ वर्षांत किमान ३६ महिने प्रकल्पाचे नेतृत्व केल्याचा अनुभव व ३५ तासांचे प्रकल्प व्यवस्थापन शिक्षण आवश्यक ठरले. अर्जातील माहितीची पडताळणी होऊ शकते. म्हणून प्रत्येक प्रकल्पाचा कालावधी, उद्दिष्ट व स्वतःची जबाबदारी यांची नोंद आधीपासून ठेवणे हिताचे असते. अनुभव नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी याच संस्थेची 'कॅपम' ही प्राथमिक परीक्षा अधिक योग्य आहे. तिच्यासाठी कामाच्या अनुभवाची अट नाही.

परीक्षेचे बदलते स्वरूप :

संस्थेच्या 'पीएमबोक' मार्गदर्शिकेच्या २०१७ मधील सहाव्या आवृत्तीत १० ज्ञानक्षेत्रे व ४९ प्रक्रिया होत्या. त्या काळी अनेक उमेदवार प्रत्येक प्रक्रियेची आदाने, साधने व प्रदाने मुखोद्गत करीत असत. २०२१ च्या सातव्या आवृत्तीने १२ तत्त्वे व ८ कार्यक्षेत्रे यांवर भर दिला. त्याच वर्षी जानेवारीत लागू झालेल्या परीक्षेत २३० मिनिटांत १८० प्रश्न होते. त्यांत मनुष्यबळाला ४२ टक्के, प्रक्रियांना ५० टक्के व व्यावसायिक परिसराला ८ टक्के भार देण्यात आला. सुमारे निम्मे प्रश्न अजाइल व मिश्र पद्धतींवर आधारित होते. त्यानंतर संस्थेने जुलै २०२६ पासूनची सुधारित रूपरेषा जाहीर केली असून तीत व्यावसायिक परिसराचे महत्त्व वाढविले आहे. त्यामुळे जुन्या प्रश्नसंचावर विसंबून न राहता आपल्या परीक्षेच्या तारखेला लागू असलेली रूपरेषा प्रथम वाचणे आवश्यक ठरते.

प्रश्नांचे मर्म :

या परीक्षेतील बहुसंख्य प्रश्न प्रसंगावर आधारित असतात. समजा, ग्राहकाने चमूतील एका सदस्याकडे परस्पर एक नवी मागणी केली. आराखडाबद्ध प्रकल्पात व्यवस्थापकाने प्रथम त्या बदलाचा मुदत, खर्च व गुणवत्ता यांवरील परिणाम तपासावा व नंतर तो बदल-नियंत्रण प्रक्रियेकडे न्यावा, हे उत्तर ग्राह्य ठरते. अजाइल पद्धतीच्या प्रकल्पात मात्र ती मागणी उत्पादन-प्रमुखाकडे जाते व तो कामांच्या यादीत तिचा अग्रक्रम ठरवितो. प्रसंग एकच, परंतु पद्धतीनुसार उत्तर बदलते. अनुभवी उमेदवारही येथे चुकू शकतात, कारण ते आपल्या कार्यालयातील प्रथेनुसार उत्तर देतात. परीक्षेला अपेक्षित असतो तो शास्त्रसंमत क्रम.

गणिती भाग :

गणिती प्रश्नांतही सूत्रापेक्षा अर्थ महत्त्वाचा असतो. एका शाळेच्या १० खोल्या १० महिन्यांत, प्रत्येकी ४ लाख रुपये खर्चून बांधावयाच्या आहेत असे मानू. पाच महिन्यांअखेर ४ खोल्या पूर्ण झाल्या व २० लाख रुपये खर्च झाले. नियोजित खर्चही २० लाखच होता. केवळ हिशेबवही पाहणाऱ्यास सर्व सुरळीत वाटेल. परंतु पूर्ण झालेल्या कामाचे मूल्य, म्हणजेच अर्जित मूल्य, १६ लाख रुपयेच आहे. १६ ला प्रत्यक्ष खर्चाच्या २० ने भागल्यास खर्च-कार्यक्षमता निर्देशांक ०.८ येतो. नियोजित मूल्यही २० लाख असल्याने वेळापत्रकाचा निर्देशांकही ०.८ च आहे. हीच गती राहिल्यास ४० लाखांचे काम ५० लाखांवर जाईल. हा अर्थ ध्यानी आल्यावर सूत्र वेगळे पाठ करावे लागत नाही.

अभ्यासाची दिशा :

१. प्रथम रूपरेषेतील प्रत्येक कार्य स्वतःच्या एखाद्या प्रकल्पाशी जोडून पाहावे. ज्याला उदाहरण सापडत नाही, तेथे अभ्यास अपुरा आहे असे समजावे.

२. सरावात केवळ गुण मोजू नयेत. चुकलेल्या प्रश्नाचे कारण लिहावे : संकल्पना अज्ञात होती, पद्धत ओळखता आली नाही, की 'प्रथम' व 'सर्वोत्तम' यांसारख्या शब्दांकडे दुर्लक्ष झाले?

३. अखेरच्या टप्प्यात सलग बसून पूर्ण लांबीच्या सराव परीक्षा द्याव्यात. २०२१ च्या स्वरूपात एका प्रश्नाला सुमारे सव्वा मिनिटच मिळत असे. मराठी माध्यमातून शिकलेल्या व इंग्रजीतून परीक्षा देणाऱ्या उमेदवारांनी दीर्घ प्रसंग वेगाने वाचण्याचा सराव स्वतंत्रपणे करावा.

निष्कर्ष :

पीएमपी प्रमाणपत्र कायम राखण्यासाठी दर तीन वर्षांनी व्यावसायिक विकासाचे ६० गुणांक मिळवावे लागतात. म्हणजेच परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही अध्ययन संपत नाही. केवळ पाठांतराने मिळविलेले ज्ञान परीक्षेबरोबर मागे पडते. याउलट कारण शोधणे, परिणाम तपासणे व मगच कृती करणे ही सवय प्रत्यक्ष प्रकल्पातही उपयोगी पडते. पूर्वतयारीचे खरे फलित या सवयीतच आहे.